मामाला खोडू नका

शालू, आपला वाद संपलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस. काल तुझी तेरवी झाली. जो तो तुझ्या शांत स्वभावाचं कौतुक करत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. शांत म्हणे! अकरावीच्या वर्गात लांजेवार सरांच्या तोंडाला तोंड देणारी शालू यांनी पाहिलीच नाही. मी पाहिली, एकाच बाकावर बसून पाहिली. म्हणून हे लिहायचा हक्क माझा आहे, आणि मी जे लिहीन त्यातलं अर्धं तुला पटणार नाही हेही मला ठाऊक आहे.

आसगावातून आपण दोघीच पवनीच्या कॉलेजात अकरावी आर्ट्सला गेलो. समाजशास्त्र काही आवडीनं घेतलं नव्हतं. मला भूगोल हवा होता, त्याच्या जागा भरल्या होत्या. तुला तुझ्या गजूदादानं सांगितलं होतं, "समाजशास्त्र घे वो, त्यात काईच नसते. गावातल्याच गोष्टी असतात, त्याच लिहाच्या." सायन्सची पोरं आपल्याला चिडवायची, की तुमचा विषय म्हणजे पारावरच्या गप्पा, त्याला कॉलेजात कशाला यायचं. तू त्यांना म्हणायचीस, "मंग तुमी पारावर बसून बेडूक फाडा." वर्ग हसायचा आणि ते गप्प बसायचे.

लांजेवार सर माणूस चांगला. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, पण जीव सगळा बोर्डाच्या पेपरात. वर्गातल्या भिंतीवर भंडारा जिल्ह्याचा जुना नकाशा होता, त्यात गोंदिया अजून आपल्यातच होतं. जिल्हा फुटून बरीच वर्षं झाली होती, पण नवा नकाशा आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. सर त्यावर छडी ठेवून म्हणायचे, "जिल्हा तुटला, सोयरिकी नाही तुटल्या. याले समाज म्हणतात." एवढं एक वाक्य मी आज साकोलीत माझ्या वर्गात जसंच्या तसं वापरते, सरांचं नाव न घेता.

मग आला तो आप्तसंबंधांचा धडा. सरांनी सांगितलं, ज्याच्या त्याच्या घरचा तक्ता काढून आणा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ. रक्ताचं नातं किंवा लग्नाचं नातं, तेवढंच दाखवायचं. मी आमचं घर काढलं, अर्ध्या पानात बसलं. तू दोन ड्रॉइंग शीट एकमेकांना चिकटवून आणल्यास. त्यात कुंभारीण काकू होती, न्हाव्याचा आजा होता, तुमच्या वावरात धानाच्या रोवण्याला येणारी गोंडाची मावशी होती. आणि तुझ्या आईच्या सख्ख्या भावाच्या शेजारी, त्याच रांगेत, एक ठळक त्रिकोण होता. खाली लिहिलेलं, "मामा, राईस मिलवाले." ते माझे बाबा.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तू कुणब्याच्या घरची, मी बौद्धाच्या. तुझी आई आणि माझे बाबा एकाच गावचे, चुलबंद नदीच्या काठच्या. तुझी आई लग्न होऊन आसगावात आली, बाबा राईस मिलच्या कामावर आले. माहेरच्या गावचा माणूस म्हणून तुझी आई त्यांना भाऊ म्हणायची, आणि म्हणून तू त्यांना मामा. आपल्याकडं गावनातं असंच चालतं. जातीला न विचारता प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असतं. बोलायला तेव्हाही गोड, आताही गोड.

सरांनी लाल पेन काढला. "शालिनी, हे कोण? सख्खे मामा?"

"नाई सर."

"चुलत? मावस?"

"नाई सर. गावचे."

वर्गात हशा पिकला. सर म्हणाले, "हे मानलेलं नातं आहे. हे आप्तसंबंधात येत नाही. बोर्डाच्या पेपरात असं काढशील तर शून्य मिळेल."

आणि तू उभी राहून म्हणालीस, "शून्य द्या सर. पन मामाले खोडू नका."

सरांचा हात थांबला. मला आठवतं, तुझ्या वेणीची रिबीन सुटली होती आणि तू ती बांधायलाही हात हलवला नाहीस. शेवटी सरांनी तो त्रिकोण खोडलाच, पण हळूच, एका बारीक रेघेनं, जशी काही त्यांचीच चूक होती. मग कुठं तू खाली बसलीस आणि रिबीन बांधलीस.

परतताना एसटीत मी तुला म्हटलं, की सरांचं बरोबर आहे. तुझे डोळे असे मोठे झाले! "तुया बापाले खोडलं अना तू म्हन्ते बरोबर आहे?"

"हाव. माया बाप तुया मामा आहे तर तुमच्या घरी त्याचा गिलास वेगळा काहून?"

"कोनता गिलास?"

तुला खरंच माहीत नव्हतं, शालू. त्याचा मला इतका राग आला होता, की तुला त्या एसटीतून खाली ढकलावं. तुमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक स्टीलचा गिलास पालथा ठेवलेला असायचा. बाबा आले की तुझी आजी त्यातच चहा द्यायला लावायची. बाबा प्यायचे, स्वतःच विसळायचे आणि परत तिथंच पालथा ठेवायचे. तू रोज त्या कोनाड्याजवळून चपला घालून कॉलेजला येत होतीस. मी समाजशास्त्र शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवलं, की पोरांना आधी स्वतःच्या घरातला कोनाडा पाहायला लावायचा, पुस्तक नंतर.

पण तू जे केलंस ना, ते मला सात जन्मात सुचलं नसतं. मी असते तर भांडले असते, रडले असते, गावभर डांगोरा पिटला असता. तू घरी गेलीस, कोनाड्यातला गिलास उचललास आणि घासून आतल्या मांडणीवर बाकीच्या गिलासांत मिसळून टाकलास. सगळे एकाच दुकानातले, एकाच मापाचे. आजीनं विचारलं, "यातला कोनता वो तो?" तू म्हणालीस, "सारेच सारखे आहेत आजी. तूच ओळख."

म्हातारी कसली ओळखते! तिनं गिलासानं पाणी प्यायचं सोडलं. गडवा तोंडाला लावून प्यायला लागली. घरात येणारा-जाणारा विचारायचा, आजीले काय झालं, आणि आजी कपाळाला आठ्या घालून बसायची. शेवटी पवनीच्या बाजारातून तिनं स्वतःसाठी नवा गिलास आणवला आणि त्यावर आपलं नाव टाकून घेतलं, मुक्ताबाई. तो ती दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. ठेवायला जागा कुठं, तर तोच ओसरीतला कोनाडा.

तू धावतच आमच्याकडं आलीस. दम लागलेला, हसून हसून पुरेवाट झालेली. "आता सांग प्रज्ञा, आमच्या घरी कोनाचा गिलास वेगळा आहे?"

मीही हसले. आई हसली. बाबा मात्र नुसतेच जमिनीकडं पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडं गेले, चहा प्यायले, आणि सवयीनं विसळायला उठले तर तुझ्या आईनं गिलास त्यांच्या हातून काढून घेतला. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "पाहा, थोड्या दिवसात कोनाड्यात दुसरा येईन." शंका घ्यायचा गुण मला माझ्या आईकडून आलाय, तो काही कॉलेजात शिकलेला नाही.

आणि हसणं ओसरल्यावर मी तुला म्हटलंच. "शालू, आजीचा गिलास वेगळा झाला. पन वेगळा गिलास ठेवाचा हा नियम तर तसाच आहे. तू मानूस बदलवला, नियम नाई."

"तुले कशातच आनंद होत नाई काय वो?"

"होते. पन खरं वाटल्यावर होते."

इथून आपला वाद सुरू झाला. तू म्हणायचीस, नातं आहे, कारण मी ते पाळते. मी म्हणायची, तू पाळतेस तो तुझा चांगुलपणा आहे, त्यानं गावाचं नातं होत नाही. बारावीचं पूर्ण वर्ष आपण यावर भांडलो. जेवणाच्या डब्यावर, एसटीच्या रांगेत, रोवण्याच्या सुट्टीत बांधावर बसून. लांजेवार सर एकदा ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरींनो, एवढं पेपरात लिहिलं तर दोघी पास व्हाल." तू खरंच लिहिलंस! ग्रामीण समुदायातल्या बदलावर प्रश्न आला, मी पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं आणि तू मुक्ताबाईचा गिलास लिहून आलीस. मी डोक्याला हात लावला. आणि निकाल लागला तेव्हा समाजशास्त्रात तुला माझ्यापेक्षा जास्त. तपासणारा हसला असणार म्हणून मिळाले, असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि अजूनही माझं तेच मत आहे.

मग मी नागपूरला पुढं शिकायला गेले आणि तुझं लग्न ठरलं, नाकाडोंगरीला. जावई मँगनीजच्या खाणीत नोकरीला. लग्नात नवरीचा मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. तू घरात जाहीर केलंस, माझे मामा दोन, दोघंही उभे राहतील. घर ढवळून निघालं. आजी जेवली नाही. तुझ्या सख्ख्या मामाचं तोंड फुगलं. पण तुझ्या बाबांनी हात टेकले. "राहू द्या, दोन तर दोन, पोरगी आयकनारी नाई." मी नागपूरहून हे ऐकलं आणि मला घाम फुटला. वाटलं, ही पोरगी जिंकते आता.

आणि नाही म्हणाले ते कोण? माझे बाबा. तू स्वतः आमच्या घरी आलीस सांगायला, हळद लागायच्या आधी. बाबांनी तुला खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, नातं मले मान्य आहे. पन तो विधी माया नाई. आमच्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी ते सारं सोडलं. तुया लग्नात मी पानी भरीन, पंगत वाढीन. अंतरपाटाजवळ नाई येनार."

तू खाटेवरून उठलीस. "मंग तुमीच खोडून राहिले ना मामा."

बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाच्या बापानं मान ताठ ठेवायला देव सोडले, त्यानं एका लाडक्या भाचीसाठी ते सगळं बाजूला ठेवायचं का? नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं, नंतरही सांगितलं. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मले तुया बापाचं समजते. पन मले वाईट वाटलं ते वाटलं." याच्यावर कुठल्या पुस्तकात उत्तर आहे?

लग्नात बाबांनी खरंच पंगत वाढली. भाताचं घमेलं घेऊन पूर्ण मांडवात फिरले. बहुतेकांनी घेतला. काही म्हाताऱ्यांनी ताटावर हात आडवा धरला, पोट भरलं म्हणून, पहिल्याच वाढपाला. ते मी पाहिलं. तू नाही पाहिलंस, तू अंतरपाटामागं होतीस. तुला ते मी कधी सांगितलंही नाही. वादात एवढा मोठा पुरावा हातात असून मी तो वापरला नाही, याचं श्रेय मला दे.

पुढची वर्षं फोनवर गेली. साकोलीत मला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, तीही समाजशास्त्राची. माझा मोकळा तास तुला पाठ होता. स्टाफरूममध्ये डबा उघडायची वेळ आणि तुझा फोन, ठरलेलं. "आज काय शिकवलं वो मॅडम?" मी सांगायची, सामाजिक नियंत्रण. तू म्हणायचीस, "थांब, माया सासूचं सांगते." आणि माझा दुसऱ्या दिवशीचा तास तयार. बचत गटाच्या सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसतं, हातपंपावर कोण आधी, खाणीतल्या कामगारांच्या बायका आणि शेतकऱ्यांच्या बायका एकमेकींना काय म्हणतात, सगळं तू मला पुरवलंस. मी तर उंटावरून शेळ्या हाकणारी. वर्गातली पोरं विचारतात, मॅडम तुम्हाला इतकी उदाहरणं कशी सुचतात, तेव्हा मी नुसती हसते. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस.

मुक्ताबाईचा गिलास मी दर वर्षी सांगते. तू विचारायचीस, "शेवट कसा सांगते?" मी म्हणायची, "शेवट माझा. नियम तोच राहिला." तू फोन ठेवून द्यायचीस.

तुझी सासू कडक बाई. तुझ्या पोरीच्या बारशाला मी आणि बाबा पहिल्यांदा नाकाडोंगरीला आलो तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "हे कोन?"

"मामा," तू म्हणालीस.

"मामा तं लग्नात दुसरेच होते."

"हेबी मामाच."

त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "आडनाव काय म्हनलं तुमचं?" बाबांनी सांगितलं. पाणी आलं, जेवण आलं, पण सासूबाई आत निघून गेल्या त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मग तुझ्या नणंदेनं मला विचारलं, तुम्ही कोण लागता? मी म्हटलं, मैत्रीण. दर वेळी हेच म्हटलं, बारशाला, घरभरणीला, सगळीकडं. तू दर वेळी चिडायचीस. "मामेबहीन म्हनाले जीभ झडते काय तुई?" मी म्हणायची, जे आहे ते म्हटलं. मैत्रीण ही आपण निवडतो, त्यात खोटं काही नसतं. आणि खरं सांगू, मला भीती वाटायची. मामेबहीण म्हटलं आणि समोरच्या बाईनं हसून विचारलं, कशी काय हो, तर? मैत्रिणीला कोणी आडनाव विचारत नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुला शेवटचं पाहिलं. पोटाचं दुखणं किती पुढं गेलंय हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. चेहरा पिवळा पडला होता, पण जीभ होती तशीच. "मामा कसे आहेत?" म्हणालीस. मी सांगितलं, गुडघे धरलेत, मिल सोडली, दिवसभर रेडिओ ऐकतात. "त्याईले म्हन, लग्नातलं मी विसरली नाई." हसत म्हणालीस. मीही हसले. मग आपण पुस्तकातल्या नव्या धड्यावर भांडलो. त्यात लिहिलंय की आता आप्तसंबंधांचं महत्त्व कमी होत चाललंय. तू म्हणालीस लिहिणाऱ्यानं दवाखान्यात येऊन पाहावं, डबे कोण आणतं ते. मी म्हटलं, डबा आणणं वेगळं, सोयरीक वेगळी. नर्सनं ओरडून मला बाहेर काढलं. जाताना तू म्हणालीस, "बरी झाली की पाहते तुले." मला तुला खूप काही म्हणायचं होतं. निदान एवढं, की समाजशास्त्र मला लांजेवार सरांनी नाही शिकवलं, तू शिकवलंस. पण आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती, आणि मी भांडूनच बाहेर पडले.

तू गेलीस त्या सकाळी गजूदादाचा फोन आला तेव्हा मी सुट्टीची म्हणून आसगावातच होते. मला रडू येईना. कोणाला सांगावं हेही कळेना. बाबा उठले, कपडे घातले, आणि पवनीला गाडी थांबवून दुकानात गेले. बाहेर आले ते हातात हिरवं लुगडं घेऊन. सवाष्ण बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घालतात. आई गाडीतून म्हणाली, "तुमी तं असं काई करत नाई ना? मंग हे कायले?"

बाबा म्हणाले, "हे देवाचं नाई. पोरीचं आहे."

मला एकच धास्ती होती, की तिथं जाऊन हे लुगडं पिशवीतच राहिलं तर बाबांना मी काय सांगू? मी आयुष्यभर जे म्हणत आले तेच खरं ठरेल, आणि पहिल्यांदाच मला ते खरं ठरायला नको होतं.

नाकाडोंगरीला तुझ्या अंगणात माणूस मावत नव्हता. तुला आंघोळ घालून ओसरीत ठेवलं होतं. गजूदादानं आणलेलं लुगडं समोर होतं. कोणीतरी वडीलधारा म्हणाला, "भावाचं आहे ना माहेराकडचं, झालं तं. घाला अना निघा, ऊन चढून राहिलं." बाबा अंगणाच्या कडेला पिशवी छातीशी धरून उभे होते. पुढं यायला त्यांचा पाय उचलेना. गजूदादानं त्यांना पाहिलं, पण तोही काही बोलला नाही. मी बाबांचा दंड धरला आणि म्हटलं, चला, मागं सरू. खरंच म्हटलं मी असं.

तेवढ्यात तुझ्या उशाशी बसलेल्या तुझ्या सासूबाईंनी मान वर केली. "थांबा जरा. मामा आले काय ते पाहा."

गर्दीतून कोणी म्हणालं, "मामा वारले ना मागच्या साली."

"ते नाई. दुसरे." आणि त्यांनी बाबांना शोधून काढलं, त्या एवढ्या माणसांत. "या इवाई. तुमचं पयले पडू द्या. सून सांगून गेली मले, मामा लग्नात नाई आले जवळ, आता येतीन म्हने."

इवाई, शालू. व्याही! तुझी सासू, जिनं आडनाव विचारून पाठ फिरवली होती, ती माझ्या बापाला चारचौघांत व्याही म्हणाली. तू कोणाला मामा म्हणतेस तो तुझा प्रश्न होता, मी इतकी वर्षं तेच सांगत होते. पण तुझ्या मामाला दुसऱ्या कोणी व्याही म्हटलं की ते तुझ्या एकटीच्या चांगुलपणातलं राहत नाही. हे तू कधी करवून घेतलंस? किती भांडलीस त्या बाईशी? मला फोनवर सासूच्या हजार गोष्टी सांगितल्यास, हीच तेवढी नाही सांगितलीस.

बाबा आले. वाकताना गुडघ्यांनी दगा दिला, गजूदादानं धरलं. त्यांनी लुगडं उघडून तुझ्या अंगावर घातलं, काठ सारखे केले. त्यांचे ओठ हलत होते. ते बुद्धाचं त्रिशरण म्हणत होते. सासूबाईंनी ऐकलं असणार, एवढ्या जवळ होत्या, पण त्यांनी अडवलं नाही. मग गजूदादाचं लुगडं पडलं.

गावाबद्दल माझं मत बदललेलं नाही. ताटावर हात आडवे धरणारे अजून आहेत, आसगावातही आणि साकोलीतही, आणि तुझ्या अंगणात जे गप्प उभे होते त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. सोमवारी वर्गात मी हेच सांगणार. फक्त तुझी बाजू मांडायला आता कोणी उरलं नाही, म्हणून तीही मलाच मांडावी लागेल, आणि ती मी पूर्ण ताकदीनं मांडीन.

उचलायची वेळ झाली. एक म्हातारी ओरडली, "नात्यातल्या बाया समोर या, बाकीच्या मागं सरा." बाया सरकायला लागल्या. मी तिथंच उभी. तुझ्या पायाशी बसलेल्या एका अनोळखी बाईनं वर पाहून विचारलं, "तुमी कोन लागता हो?"

मी म्हटलं, "मामेबहीण."

तिनं आणखी काही विचारलं नाही. थोडं सरकून तिनं मला तुझ्याजवळ बसायला जागा करून दिली, आणि मग मला रडू आलं.